कुलपातली खोली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिन्यातला पहिला रविवार होता. उपासना संपत आली असता पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कोणाची काही विशेष प्रार्थनेची विनंती आहे काय?" मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठून उभे राहिले. जालना जिल्ह्यातून ते नुकतेच बडोद्यास आले होते व मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला लागले होते. पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई असा परिवार. एका नातलगाच्या घरी, दोन खोल्यांत, एकंदर नऊ माणसे राहत होती. "शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरलेत. मांजलपूर-तरसालीकडे परवडेल असं घर मिळावं म्हणून प्रार्थना करा," एवढेच ते बोलले आणि खाली बसले.

आम्ही सर्वांनी प्रार्थना केली. ती मनापासून केली, याविषयी आम्हांस आजही शंका नाही. मात्र प्रार्थना करीत असता आमच्या खिशातल्या जुडग्यात आमच्याच घराच्या वरच्या मजल्याची किल्ली होती. वर दोन खोल्या, एक लहानसे स्वयंपाकघर आणि गच्ची. मुलासाठी बांधले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि तिकडेच स्थिरावला. तीन वर्षे त्या दाराला कुलूप होते. नाताळापूर्वी एकदा दार उघडून जाळीजळमटे काढावयाची व पुन्हा कुलूप लावावयाचे, एवढाच त्या खोल्यांचा उपयोग.

कोणीतरी त्या गृहस्थांस आमचे घर दाखविले. मंगळवारी संध्याकाळी ते आले. आमच्या सौ.नी पाणी दिले. आम्ही त्यांना दलालाने पूर्वी सांगितलेला आकडा सांगितला : महिना नऊ हजार, आणि तीन महिन्यांचे डिपॉझिट आगाऊ. त्यांचा पगार अठरा हजार होता, हे त्यांनी बोलण्याच्या ओघात आधीच सांगितले होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं काका, कळवतो." ते कळविणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हांसही.

आता खरे सांगावयाचे तर आम्हांस नऊ हजारांची गरज नव्हती. पेन्शनीत आमचे भागत होते. आम्हांस 'नाही' म्हणावयाचे होते, परंतु तसे म्हणण्याचे धैर्य नव्हते. रविवारी ज्या माणसासाठी प्रार्थना केली त्याला मंगळवारी दारातून परत कसे पाठवावे? म्हणून आम्ही आकडा सांगितला. आमच्या मनातला नकार आम्ही बाजारभावाच्या तोंडून बोलून घेतला. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे व तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत : ज्याच्यापाशी रिकामी खोली आहे, त्याच्यावर बेघर माणसाचा काही हक्क चालतो काय? आणि चालत असल्यास तो कोठवर?

प्रथम आपली, म्हणजे घरमालकाची, बाजू मांडू. ती अगदीच पोकळ नाही. आपल्यातील बहुतेकांची घरे वारशाने आलेली नाहीत. आईबाप मिशनच्या कंपाउंडात वाढले. एकाने रेल्वेत, दुसऱ्याने इस्पितळात, तिसऱ्याने शाळेत तीस-तीस वर्षे नोकरी केली. सोसायटीचे हप्ते भरले. तेव्हा कोठे उपनगरात एक टेनामेंट उभे राहिले. ते दुसऱ्याच्या हाती देताना छातीत धडधड होणे स्वाभाविक आहे. कित्येक विधवा भगिनींचा तर वरच्या खोलीचे भाडे हाच आधार आहे. त्यांना 'भाडे कमी करा' असा उपदेश खालच्या मजल्यावर आरामात बसून आम्ही करू लागलो, तर तो उपदेश नव्हे, निर्दयपणा होईल.

ह्या धडधडीला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि भाडेकरूस संरक्षण देणारे कायदे झाले. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा त्यांतलाच. त्याने बहुतेक जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले आणि भाडेकरूस सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. १९६० साली गुजरात निराळा झाला तरी त्याने हा कायदा चालू ठेवला. हेतू उत्तम होता आणि त्या काळी त्याने लाखो गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. परंतु वस्तूंचे भाव दर वर्षी चढत गेले आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. घरमालकाने दुरुस्ती सोडून दिली. जुने वाडे ढासळू लागले. उघड भाडे घेता येईना म्हणून मुंबईत पागडी आली. ज्याच्याकडे आधीच घर होते त्याला कायद्याने सांभाळले; जो नवा गावात आला त्याच्यासाठी दारे बंद झाली, कारण एकदा दिलेले घर परत मिळत नाही ही भीती प्रत्येक घरमालकाच्या मनात बसली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासंबंधीच्या एका खटल्यात म्हटले की, एके काळी योग्य असलेले हे गोठविलेले भाडे कालांतराने अन्याय्य झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला व त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली.

ह्या इतिहासातून आम्ही एक बोध घेतो. कायदा भाड्याचा आकडा ठरवू शकतो. दार उघडण्याची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशाच्या शहरी भागात सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली. आणि २०१२ साली सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची तूट सुमारे एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख इतकी धरली. ह्या तुटीत शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक कुटुंबे अल्प उत्पन्नाची होती, आणि त्यांतील बहुतेक रस्त्यावर नव्हती, तर जालन्याच्या त्या गृहस्थांप्रमाणे एकाच छपराखाली दाटीवाटीने राहणारी होती. एकीकडे एवढी कुलपे आणि दुसरीकडे एवढी दाटी. ही दोन्ही एकाच शहरात, पुष्कळदा एकाच गल्लीत असतात. आमच्या बाबतीत तर ती एकाच उपासनामंदिरात होती.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. शास्त्र मालमत्तेला पाप म्हणत नाही. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात तटबंदी असलेल्या नगरातील घराच्या विक्रीचे नियम आहेत. म्हणजे घर घेणे, विकणे, बाळगणे हे देवाच्या लोकांत चालत असे. परंतु त्याच अध्यायाच्या तेविसाव्या वचनात जमीन परमेश्वराची आहे आणि तुम्ही त्याच्या जवळचे उपरे आहात, असा अर्थ सांगितला आहे. वाचकहो, ह्याचा विचार केला म्हणजे नवल वाटते. आपण ज्याला भाडेकरू म्हणतो तीच स्थिती शास्त्र आपल्या सर्वांची सांगते. दस्तऐवज कोणाच्याही नावावर असो, मूळ मालक दुसराच आहे आणि आपण त्याच्या घरी मुदतीने राहत आहो. ज्याचा स्वतःचाच मुक्काम मुदतीचा, त्याने दुसऱ्या वाटसरूला दारात उभे करून ऐट दाखवावी हे हास्यास्पद होय.

मोशेच्या नियमशास्त्रात मालकाच्या अधिकाराला लहान लहान कुंपणे घातली आहेत. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून रक्तदोष तुझ्या घरावर येणार नाही (अनुवाद २२:८). घर तुझे खरे, पण त्या घरात येणाऱ्याच्या जिवाची जबाबदारीही तुझीच. तसेच उसने देणाऱ्याने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे (अनुवाद २४:१०-११). ह्या आज्ञेचे मर्म असे की, गरिबाचा उंबरठाही उंबरठाच आहे. भाडेकरूच्या खोलीत वाटेल तेव्हा जाऊन डोकावणारा, त्याच्याकडे कोण आले-गेले याची झडती घेणारा, पाण्याची मोटर किती वेळ चालली यावरून चारचौघांत बोलणारा घरमालक ह्या आज्ञेपुढे उभा राहू शकत नाही. भाडे घेतले म्हणजे खोलीचा उपयोग दिला. माणूस विकत घेतला नाही.

आणि भाडे घेणे मुळातच अयोग्य म्हणावे, तर तसेही नाही. प्रेषित पौल रोम शहरात दोन वर्षे राहिला तो स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात (प्रे. कृ. २८:३०). कोणी ह्या वचनाचा अर्थ 'स्वतःच्या खर्चाने' असा करतात, पण भाव एकच. शुभवर्तमानाचा एवढा मोठा सेवक, साखळीने बांधलेला, पण घरभाडे भरीत होता. आणि त्याच घरात जो येई त्याचे तो स्वागत करी. आमच्या मनात नेहमी येते, त्या घराचा मालक कोण असेल? कैदी भाडेकरू, दारात शिपाई, दिवसभर माणसांची ये-जा. आजचा कोणता घरमालक असा भाडेकरू ठेवील? लूकाने त्याचे नाव दिलेले नाही. तथापि त्याने ते घर दिले नसते तर तो अध्याय निराळ्या तऱ्हेने संपला असता.

तेव्हा प्रश्न भाडे घ्यावे की न घ्यावे असा नसून किती घ्यावे व कोणत्या मनाने घ्यावे असा आहे. 'बाजारात चालते ते घ्यावे' हे एक उत्तर आहे. परंतु बाजारभाव म्हणजे काय? शाळा आठ दिवसांवर आलेल्या बापाची निकड आणि तीन वर्षे निवांत थांबू शकणाऱ्या मालकाची सवड, ह्यांची झुंज लावून जो आकडा निघतो तो. त्या झुंजीत दोघांच्या हाती सारखी शस्त्रे नसतात. म्हणून तो आकडा खोटा नसला तरी न्यायाचा शेवटचा शब्दही नव्हे. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात अन्यायाने घर व माड्या बांधणाऱ्यास धिक्कार आहे. अन्यायाने माडी भाड्याने देणाऱ्यास तो लागू नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आम्हांस तीन गोष्टी विचारात घ्याव्या असे वाटते. एक, घराचा खरा खर्च : वेरा, दुरुस्ती, रंग, आणि मालकाचा निर्वाह त्यावरच असेल तर तोही. दोन, भाडेकरूची ऐपत. कुटुंबाच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा घरात जाऊ लागला म्हणजे ताण पडतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. आम्ही त्या गृहस्थांपाशी निम्मा हिस्सा मागितला होता. आणि तीन, आपली स्वतःची गरज, खरी गरज. ह्या तिन्ही पाहून जो आकडा निघेल तो विधवा भगिनीच्या बाबतीत बाजारभावाइतका निघू शकेल आणि आमच्यासारख्याच्या बाबतीत त्याच्या निम्मा. दोन सारख्या खोल्यांचे दोन निराळे भाडे हा अन्याय नव्हे. विवेकबुद्धी प्रत्येकाची निराळी झडती घेते.

येथे कोणी म्हणेल, "कमी भाडे म्हणजे दानच झाले, मग दान म्हणूनच द्या, व्यवहारात कशाला मिसळता?" ह्यावर आमचे म्हणणे असे की, गरजू माणसास दान नको असते. त्याला घर हवे असते आणि ते स्वतःच्या कमाईतून भाडे देऊन हवे असते. फुकट राहणारा माणूस मान खाली घालून जिना चढतो; साडेचार हजार देणारा माणूस ताठ मानेने चढतो. परवडेल असे भाडे घेण्यात दया व न्याय ही दोन्ही राखली जातात, आणि घेणाऱ्याची अब्रूही राखली जाते.

ह्याहून नाजूक एक गोष्ट आहे. उपनगरांत घर मागावयास गेले असता भाड्याच्या आधी नाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि मग "नॉन-व्हेज चालणार नाही" असे हसतमुखाने सांगतात. हा अनुभव आपल्यातील अनेकांनी घेतला आहे. आपली मुले नव्या नोकरीला जातात, दलाल खोली दाखवितो, सर्व ठरते आणि नाव ऐकल्यावर 'आमचे पाहुणे येणार आहेत' असा निरोप येतो. आपण ह्याविषयी चहाच्या टेबलावर पुष्कळ बोलतो. परंतु आपल्या स्वतःच्या खोल्यांविषयी काय? 'आपल्यातलेच हवेत', 'अमक्या जिल्ह्याकडचे नकोत', 'त्या लोकांना नको' ही वाक्ये आपल्या ओसरीवर कधी ऐकू आली नाहीत काय? २०२४ साली बडोद्याच्याच एका सरकारी गृहयोजनेत चिठ्ठीने घर मिळालेल्या एका मुसलमान कुटुंबाला तेथे राहू देऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी निदर्शने केल्याची बातमी देशभर छापून आली. ती वाचून आम्ही हळहळलो. पण दुसऱ्याच क्षणी स्वतःस विचारले, ते कुटुंब आमच्या दारी आले असते तर आम्ही बाजारभाव सांगितला असता काय? जो अन्याय आपण सोसला तो दुसऱ्यावर करण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. उलट सोसल्यामुळे आपली जबाबदारी वाढते. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांना क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावे लागले होते. तीच दोघे करिंथात पौलाला आपल्या घरी ठेवून घेतात (प्रे. कृ. १८:२-३). ज्यांचे घर गेले होते त्यांनी घर उघडले.

"पण हे काम सरकारचे आहे," असे पुष्कळजण म्हणतात. सरकारचे आहेच. जून २०१५ मध्ये पंतप्रधान आवास योजना सुरू झाली, तिच्यातून अनेकांना घरे मिळाली व ह्याबद्दल उपकार मानले पाहिजेत. मात्र ती मुख्यतः घर विकत घेणाऱ्यासाठी वा बांधणाऱ्यासाठी होती. ज्याच्यापाशी हप्ता भरण्याची ताकद नाही, ज्याची नोकरी कंत्राटी आहे, त्याला विकतचे घर नको, भाड्याचे हवे. ही गोष्ट २०२० च्या टाळेबंदीने सर्वांच्या डोळ्यांपुढे आणली : भाडे थकले आणि लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. तिच्या एका भागानुसार पूर्वीच्या योजनांत सरकारी पैशाने बांधलेली व रिकामी पडून असलेली घरे दुरुस्त करून भाड्याने द्यावयाची होती. सुरत, अहमदाबाद, चंदीगड अशा शहरांत काही घरे तशी दिलीही गेली. म्हणजे कुलपातल्या खोल्या एकट्या आमच्याच नव्हत्या, सरकारच्याही होत्या! सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांना साहाय्य करण्याचा त्याचा संकल्प असून त्यात भाड्याच्या घरांसाठी निराळा विभाग ठेवला आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेली कुटुंबे अत्यल्प गटात, तीन ते सहा लाखांची अल्प गटात व सहा ते नऊ लाखांची मध्यम गटात मोडतात; आणि घर मिळविण्यासाठी मुख्य अट अशी की, कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे.

ही माहिती आम्ही मुद्दाम दिली, कारण ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाजवळ येथला पत्ता नसतो. पत्ता नाही म्हणून कागद होत नाहीत. कागद नाहीत म्हणून अर्ज होत नाही. मिळकतीचा दाखला कोठे काढावा, प्रतिज्ञापत्र कोणापुढे करावे, महापालिकेच्या वॉर्ड कचेरीत कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे, हे त्याला ठाऊक नसते, आणि गुजराती फॉर्म भरताना त्याची आणखी तारांबळ उडते. आपल्या मंडळीत तर निवृत्त कारकून, शिक्षक, बँकेतले लोक आहेत. एखाद्याबरोबर दोन वेळा कचेरीत जाणे हे पुलपिटवरून दिलेल्या उपदेशापेक्षा कमी दर्जाचे सेवाकार्य नव्हे.

आता भीतीविषयी. "खोली परत मिळेल ना?" ही भीती केवळ उपदेशाने जाणार नाही, तिच्यासाठी नीट व्यवहार हवा. भाडेकरार अकरा महिन्यांचाच का करतात, हे पुष्कळांस माहीत नसते. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, ती टाळण्यासाठी ही अकरा महिन्यांची वहिवाट पडली. आमचे मत असे की नोंदणी टाळू नये, करावी. महाराष्ट्रात तर १९९९ च्या कायद्याने ती आवश्यकच केली आहे. नोंदलेला कागद मालकालाही राखतो व भाडेकरूलाही, आणि त्याच कागदावर भाडेकरूच्या मुलांचे शाळेतले व रेशनचे काम होते. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी एक नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. पण राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, हे त्यातील तत्त्व ख्रिस्ती घरमालकाने कायद्याची वाट न पाहता पाळण्यास काय हरकत आहे?

मंडळीने काय करावे? आम्हांस सुचते ते असे. पंचांनी एक साधी वही ठेवावी. तिच्यात एका बाजूस रिकाम्या खोल्या व दुसऱ्या बाजूस घर हवे असलेली कुटुंबे लिहावीत. दलालाची एक महिन्याची दलाली तेवढ्याने वाचेल. दुसरे, अनामतीसाठी एक लहान फंड काढावा. महिन्याचे भाडे देऊ शकणारा माणूस पुष्कळदा एकरकमी डिपॉझिटपाशी अडतो. फंडातून ती रक्कम मालकास द्यावी, भाडेकरूने ती हप्त्याहप्त्याने फंडात भरावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल. तिसरे, दोन जबाबदार सभासदांनी भाडेकरूची हमी घ्यावी आणि तंटा झाल्यास मध्यस्थी करावी. चौथे, मंडळीच्या स्वतःच्या इमारतींकडे पाहावे. जुन्या कंपाउंडातील कित्येक बंगले व क्वार्टर्स कुलपात आहेत आणि बिल्डरांची त्यांवर नजर आहे. गुजरात व महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. त्याहून कमी मुदतीस ह्या कलमाची अडचण येत नाही. तेव्हा विकण्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे करण्यापेक्षा दोन-दोन वर्षांसाठी गरजू कुटुंबांना राहावयास देणे पुष्कळ ठिकाणी शक्य आहे. मिशनऱ्यांनी त्या भिंती उभारल्या त्या पालींसाठी नव्हेत.

भाडेकरूलाही दोन शब्द सांगावयास हवेत. सवलतीने मिळालेले घर म्हणजे ऐऱ्यागैऱ्याची वस्तू नव्हे. भाडे तारखेला द्यावे, नळ टपकत असेल तर सांगावे, आणि मुदत संपल्यावर किंवा मालकास खरी गरज पडल्यावर कोर्टाची पायरी न दाखविता घर सोडावे. एका भाडेकरूने विश्वास मोडला म्हणजे मागून येणाऱ्या दहांसाठी दार बंद होते. आम्ही कुलूप लावले ते काही अंशी दुसऱ्या कोणाच्या अशाच अनुभवाच्या ऐकीव गोष्टींवरून. ते योग्य नव्हते. पण त्या गोष्टी खोट्याही नव्हत्या.

शूनेमच्या त्या बाईची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिने अलीशासाठी गच्चीवर लहान खोली बांधली. तिच्यात खाट, मेज, आसन व दिवा ठेविला (२ राजे ४). परंतु तिच्या कथेचा पुढचा भाग आपण क्वचित वाचतो. दुष्काळामुळे तिला सात वर्षे परदेशी राहावे लागले आणि परत आल्यावर स्वतःचे घर व शेत मिळावे म्हणून राजापुढे गाऱ्हाणे न्यावे लागले (२ राजे ८). जिने दुसऱ्याला खोली दिली तिच्यावरही एके दिवशी घर मागण्याची वेळ आली. मालक आणि मागणारा ह्या दोन जाती नव्हेत. त्या एकाच माणसाच्या दोन अवस्था आहेत.

आमच्या गोष्टीचा शेवट सांगून आवरते घेतो. ते गृहस्थ पुढे दोन-तीन रविवार दिसले, मग दिसेनासे झाले. आम्हांस चैन पडेना. सप्टेंबर महिन्यात पत्ता काढून आम्ही त्यांच्याकडे गेलो. वाघोडिया रस्त्याने पार गावाबाहेर एक पत्र्याची खोली त्यांना मिळाली होती. कारखाना तेथून लांब, उपासनामंदिर त्याहून लांब. पाच माणसांचे रिक्षाचे पैसे दर रविवारी परवडत नव्हते. आम्ही म्हटले, "वरच्या खोल्या मोकळ्या आहेत. चार-साडेचार हजार द्या, डिपॉझिट नको." ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काका, आता मुलांची शाळा इथं लागली. आईलाही सारखं हलवता येत नाही. तुम्ही त्या दिवशी प्रार्थना केलीत, तेवढं पुष्कळ झालं."

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. म्हणूनच ते आजवर टोचते आहे. उघड्या-उपाशी बंधूला नुसतेच 'सुखाने जा, ऊब घे' असे म्हणणाऱ्यांविषयी याकोबाने लिहिले आहे, ते आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना शिकविले होते.

नाताळच्या नाटकात आपण दरवर्षी एका मुलाला धर्मशाळेचा रखवालदार करतो आणि 'जागा नाही' असे त्याच्याकडून म्हणवितो. लूकाच्या शुभवर्तमानात असा रखवालदार कोठेही नाही. जागा नव्हती एवढेच तेथे लिहिले आहे. त्या माणसाचे पात्र आपण आपल्या मनाने घातले. कदाचित दोष ठेवावयास कोणीतरी हवे होते, म्हणून घातले असेल. त्या वर्षी नाटक पाहताना आम्हांस त्या मुलाच्या हाती आमचीच किल्ली दिसली.

वरच्या खोल्यांत पुढे एक नर्सबाई आपल्या आईसह राहावयास आल्या. भाडे आम्ही तिघांनी बसून ठरविले. कागदाची नोंद केली. जालन्याच्या त्या कुटुंबाचे आम्ही जे केले ते त्यामुळे फिटले असे मुळीच नाही. पण वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या जुडग्यात अशी एखादी किल्ली असेल, त्यांनी पुढच्या रविवारी कोणी घरासाठी प्रार्थनेची विनंती केली असता डोळे मिटण्यापूर्वी क्षणभर खिसा चाचपून पाहावा. प्रार्थनेचे उत्तर कधी कधी तेथेच ठेवलेले असते. प्रभू आपणां सर्वांस ते बाहेर काढण्याचे धैर्य देवो.